होड्या मी गाळल्या

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये विज्ञान आणि इतिहास एकच टीचर शिकवायच्या. मीरा रोडला तेव्हा रोज नवी इमारत उभी राहायची आणि दर महिन्याला वर्गात एक नवा चेहरा यायचा. शिक्षक पुरत नव्हते, त्यामुळे ज्याला जे जमेल ते त्याच्या गळ्यात. आम्हीही त्या नव्या चेहऱ्यांतलेच. दोन वर्षांपूर्वी गिरगावातली खोली सोडून शांती नगरमध्ये आलो होतो. बाबांना ते मनातून कधीच पटलं नव्हतं. ऑफिसातून आले की पेपरात डोकं घालून बसायचे, जेवतानासुद्धा.

टीचर पन्नाशीच्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस. भाईंदर पश्चिमेच्याही पुढे, समुद्राकडे त्यांचं गाव, तिथून बसने यायच्या. विज्ञानाच्या तासाला त्यांच्यापुढे कोणाची टाप नव्हती. कांद्याचा पापुद्रा मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि दिसेल तसा जर्नलमध्ये काढायचा, असा त्यांचा नियम. आम्ही अतिशहाणे, पुस्तकातली आकृती घरूनच उतरवून न्यायचो. टीचर ती लाल पेनाने सरळ खोडायच्या. "बुडबुडा दिसला तर बुडबुडा काढ," म्हणायच्या. माझं जर्नल कायम लाल असायचं.

इतिहासाला मात्र त्या वेगळ्याच व्हायच्या. धडा इंग्रजीत वाचून झाला, उत्तरांना पेन्सिलीने खुणा करून झाल्या, की पुस्तक मिटायचं आणि मराठीत, मध्येच हिंदीत सांगत सुटायचं. गुजराती, मारवाडी, भय्या, आम्ही, सगळे गप्प बसून ऐकायचो. मी सातवीत असताना वसईच्या लढाईचा धडा आला. त्या दिवशी त्यांनी पुस्तक नेहमीपेक्षा लवकर मिटलं.

"आमच्या घरात ही लढाई अजून सांगतात," त्या म्हणाल्या. "आधी फिरंग्यांनी आमच्या होड्या ओढून नेल्या. मग मराठ्यांची फौज आली, तिने उभं भात कापून नेलं. फौजेलाही पोट असतं ना. त्या वर्षी गावात होडीही नव्हती आणि भातही नव्हतं."

मी हात वर केला. "टीचर, पण तुम्ही कोणाच्या बाजूने होतात?"

खोटं कशाला सांगू, मला तेव्हा खरंच वाटायचं की टीचरचे पूर्वज कुठल्या तरी गलबतातून उतरले असणार. क्रूस होता, आडनाव तसं होतं, संपला प्रश्न. वर्ग फिदीफिदी हसला. टीचर रागावल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडी एकदम घरची बोली आली. "आमी कुठं जानार, बाळा? आमी इथंच हाय. राजा कोन पायजे, ते गावाला कोनी विचारत न्हाय." मग बेल झाली.

खाडीकाठी भर टाकून बांधलेल्या इमारतीत दोन वर्षं राहिलेली मी, आणि शेकडो वर्षं इथे राहिलेल्या बाईला विचारत होते की तुम्ही कोणाच्या. आज आठवलं तरी स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. पण खरा गुन्हा पुढेच आहे.

त्या रात्री जेवताना मी बाबांना म्हणाले, "आमच्या टीचर म्हणाल्या, मराठ्यांच्या फौजेने त्यांचं भात चोरलं." बाबांनी पेपर खाली ठेवला. "काय म्हणाल्या?" कित्येक दिवसांनी ते माझ्याकडे नीट बघत होते. मी तेच पुन्हा सांगितलं, जरा ठासून. होड्यांचं बोललेच नाही. होड्यांचं सांगितलं असतं तर गोष्ट दोन्हीकडे सारखी झाली असती आणि बाबा परत पेपरात गेले असते, एवढं मला बाराव्या वर्षीही कळत होतं.

बाबांनी शाळेच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे आमच्या डायरीत, पानभर लिहिलं. आमच्या मुलांना आमचाच इतिहास असा शिकवणार असाल तर आम्हाला विचार करावा लागेल वगैरे. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टरनी त्यांना बोलावलं. ऑफिसात सिस्टर, बाबा, टीचर आणि मी. सिस्टर मला म्हणाल्या, "घाबरू नकोस. टीचर वर्गात काय म्हणाल्या, ते जसंच्या तसं सांग."

टीचर माझ्याकडे बघत होत्या. त्यांना खात्री होती की मी सगळं सांगेन, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाबाही बघत होते. त्यांनी त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकली होती. मी म्हणाले, "मला आठवत नाही."

टीचरनी एक शब्दही माझ्याविरुद्ध काढला नाही. बाबांना म्हणाल्या, "माझ्याकडूनच सांगण्यात कमीजास्त झालं असेल. माफ करा." बाबा विजयी चेहऱ्याने मला रिक्षात घालून घरी घेऊन आले. वाटेत त्यांनी मला थंडा पाजला. तो मला घोटभरही गोड लागला नाही, पण मी संपवला.

पुढच्या सोमवारी इतिहासाला दुसऱ्या मिस आल्या. त्या पुस्तक मिटायच्या नाहीत. टीचरकडे फक्त विज्ञान राहिलं. आपण रागावलोय असं त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. प्रश्न विचारला, उत्तर बरोबर आलं की "गुड" म्हणायच्या, पुढे जायच्या. मधल्या सुट्टीत मुलं म्हणायची, "टीचर, हिस्ट्रीची स्टोरी सांगा ना." त्या म्हणायच्या, "आता तो माझा विषय नाही." मी तिथून निघून जायचे.

दहावीच्या प्रॅक्टिकलआधी जर्नलवर सही घ्यायला मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी थांबले. लॅबमध्ये आम्ही दोघीच उरलो. "टीचर, मला आठवत होतं," मी म्हणाले. "होड्यासुद्धा."

त्यांनी सही पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं. "मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मला सांगून काय होणार? जे झालं ते मला ठाऊकच आहे. बाबांना ठाऊक नाही. त्यांना सांग."

"हो," मी म्हणाले.

टीचर पाच वर्षांपूर्वी गेल्या. कळलं तेव्हा मी त्यांच्या गावी जाऊन आले, चर्चच्या मागच्या दफनभूमीत बराच वेळ उभी राहिले. तिथे उभं राहायला हिंमत लागत नाही.

बाबा आता आमच्याकडेच असतात. तब्येत बरी असली की पाहुण्यांना गिरगावच्या गोष्टी सांगतात, आणि त्या संपल्या की त्या कॉन्व्हेंटवाल्यांना आपण कसं सरळ केलं, ती. माझ्या लेकीला यंदा चौथीला इतिहास लागलाय. परवा त्यांनी ती गोष्ट तिला सांगितली. "तुझी आई तेव्हा एवढीशी होती, पण चूक ते चूक, घरी येऊन बरोबर सांगितलंन," म्हणाले. लेकीने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी मेथी निवडत होते. तशीच निवडत राहिले.