गादीवर ठेवू नका

जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ वस्तू गादीवर ठेवण्यात आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. चाकणच्या एका कारखान्यात प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या मशीनांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथे साचा जरा जास्त तापला की माल वाया जायचा आणि शिफ्टच्या सुपरवायझरची, म्हणजे यांची, झोपही. त्यामुळे कुणाला राजकारणाचा नाद लागतो, कुणाला ज्योतिषाचा, तसा यांना उष्णतेचा लागला. निवृत्तीनंतर साचे हाताशी राहिले नाहीत, तेव्हा त्यांनी आपलं लक्ष नातेवाइकांच्या लॅपटॉपकडे वळवलं. त्यांना कामाची वाण पडली नाही. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत माणसांपेक्षा लॅपटॉप जास्त आहेत आणि त्यांतले निम्मे दिवसभर अंथरुणात लोळत असतात.

मेहुण्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत दोन गोष्टी कायम सापडतात. पहिली म्हणजे तापमान मोजायची बंदूक. कोरोनाच्या काळात कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची कपाळं मोजायला ती आणली होती. पुढे कुणी परत मागितली नाही आणि यांनी आठवण करून दिली नाही. चहा पिण्याआधी ते तो मोजतात, उन्हातल्या स्कूटरवर बसण्याआधी सीट मोजतात. एकदा माझ्या बहिणीने वाढलेली आमटी मोजून त्यांनी समाधानाने मान हलवली, तेव्हापासून ती त्यांना ताकच वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याच्या बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं. लॅपटॉपच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन टोपणं सरकवली की खालून हवा खेळते, हा त्यांचा सिद्धान्त. सिद्धान्त बरोबर आहे. फक्त त्यासाठी ते लग्नाच्या कार्यालयात जेवणं उरकल्यावर टेबलाटेबलांवरून टोपणं गोळा करत फिरतात, आणि त्यांच्या सासरकडच्या मंडळींना वाटतं, निवृत्तीनंतर यांचं कठीण चाललंय.

माझ्या बहिणीच्या मुलीला पाहायला माणहून एक मुलगा आला होता. आयटीत होता, वागायला नम्र होता, पोहेही बेताने खात होता. सगळं जुळत आलं असताना मेहुण्यांनी विचारलं, "घरून काम करताना लॅपटॉप कशावर ठेवता?"

"गादीवर," मुलगा निरागसपणे म्हणाला.

मेहुण्यांनी चमचा खाली ठेवला. "जो मशीनला श्वास घेऊ देत नाही, तो बायकोला काय घेऊ देणार?"

लग्न झालं. आहेरात त्यांनी लाकडी स्टँड दिला.

हे सगळं मी वर्षानुवर्षं गालातल्या गालात हसत पाहिलं. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर मात्र हसू आटलं. आमची मुलगी सई ॲनिमेशन शिकली आहे. हैदराबादच्या एका स्टुडिओने नोकरी देण्याआधी तिच्याकडून छोटी फिल्म मागवली होती, रविवारी संध्याकाळपर्यंत. फिल्म तयार होती. लॅपटॉपने ती शेवटची एकसंध बनवून द्यायची, एवढंच काम उरलं होतं. आणि नेमका तिचा तो जाडजूड, दणकट लॅपटॉप अर्ध्यावर आला की तापायचा, मंदावायचा आणि गप्प बंद पडायचा. रविवारी सकाळी तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मी तो थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा उपाय सुचवला. सईने उत्तर न देता मामाला फोन लावला.

मेहुणे पुनावळ्याहून घाईघाईने आले. एरवी ते पुणेकरांना शोभेल असं बोलतात, पण मशीन तापलं की त्यांच्यातलं लातूर जागं होतं.

"फ्रिज कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"आत पानी सुटंल ना दाजी. ताप आलेल्या लेकराला हिरीत टाकायलेत का तुमी?"

मग त्यांनी सईच्या खोलीत नजर फिरवली. लॅपटॉप टेबलावर होता. खाली टोपणं होती. गादी चार हात लांब होती. भाकीत चुकलेल्या ज्योतिष्यासारखा त्यांचा चेहरा पडला. "समदं बरोबर हाय, मग का तापायलंय?" असं पुटपुटत त्यांनी लॅपटॉप बंद केला, उलटा केला आणि खालचं झाकण उघडलं. स्क्रू वाटीत ठेवले. पंखा फिरू नये म्हणून पात्यात टूथपिक अडकवून ते ब्रशने धूळ काढू लागले.

पंख्यामागच्या बारीक जाळीत धुळीचा नमदा बसला होता, हे अपेक्षित होतं. त्या नमद्यात कुंकू होतं. अक्षतेचा एक दाणा होता. आणि झेंडूच्या पाकळ्यांचा वाळून चिवडा झाला होता.

दसऱ्याला नात्यातल्या झाडून सगळ्या मशीनांची पूजा मेहुणे स्वतः करतात. मशीनची पूजा दुसऱ्यावर सोडायची नसते, असं त्यांचं म्हणणं. सई काम करत असतानाच त्यांनी कीबोर्डच्या वरच्या जाळीवर चांगला टपोरा झेंडू ठेवला होता आणि वर बजावलं होतं, "दिवसभर हलवू नको."

"मामा, कुंकू मी वाहिलं होतं," सई हळूच म्हणाली.

"झेंडू मीच ठेवला, बाळा."

बायकोने चहा आणून दिला. त्यांनी तो न मोजता घेतला आणि जीभ भाजून घेतली. मग जाळी साफ केली, चिपवरचा, उष्णता ओढून घेणारा पण आता वाळून गेलेला लेप पुसून मुगाच्या दाण्याएवढा नवा लावला आणि झाकण बसवलं. सईने बटण दाबलं. इतके दिवस विमानासारखा गर्जणारा पंखा झोपलेल्या माणसासारखा श्वास घेऊ लागला. दुपारभर मेहुणे बंदूक रोखून समोर बसून होते. जेवायलासुद्धा उठले नाहीत. उन्हं कलताना फिल्म पूर्ण झाली.

"गेली?"

"गेली, मामा. पोचली पण."

त्यांनी बंदूक पिशवीत टाकली आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांत उशिरा थंड झाले ते मेहुणेच.

सई हैदराबादला गेली. या दसऱ्याला मेहुणे नेहमीसारखे आले. मिक्सरला, वॉशिंग मशीनला, माझ्या स्कूटरला त्यांनी हळदकुंकू वाहिलं; झेंडू मात्र प्रत्येकापासून वीतभर लांब ठेवला. मग सवयीने सईच्या खोलीत गेले. टेबल रिकामं होतं, दोन टोपणं तेवढी मागे राहिली होती. त्यांनी टोपणांना कुंकू लावलं, पिशवीतून बंदूक काढली आणि टेबलावर धरली.

"गार आहे," ते म्हणाले.

एखादी वस्तू गार असल्याचं सांगताना त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.