लिंबावरून गेलेला कॉम्प्युटर

"नारळ कशावर फोडायचा?" दादासाहेबांनी विचारलं.

विचारता विचारता ते नारळासारखी मूठ करून मॉनिटरच्या डोक्यावर अंदाज घेत होते.

दादासाहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे चेअरमन. ऊस, दूध आणि सोसायटी यांत आयुष्य गेलेला माणूस. कॉलेज त्यांनीच उभं केलं होतं, आणि कॉलेजमधल्या प्रत्येक यंत्राची खंडेनवमीला ते स्वतः उभे राहून गुरुजींकडून पूजा करवून घेत. वर्कशॉपमधलं लेथ, पंप, गवत कापायचं मशीन, सगळं. लेथला हळदकुंकू लावलं, वर पाणी शिंपडलं, शेजारी नारळ आपटला, तरी लेथचं काही बिघडत नाही. पण या वर्षी यादीत एक नवं नाव होतं. कॉम्प्युटर.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. कोल्हापुरात कॉम्प्युटर ही बघायला जायची वस्तू होती. आमच्या कॉलेजात एकच होता. त्याला एसी खोली, खिडकीला जाड पडदे आणि दारात 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी. शेजारच्या प्रिन्सिपॉलना पंखा, आणि तोही आवाज करणारा. बडे पाहुणे आले की मशीन थेट त्यांच्यापुढे नेता यावं म्हणून संस्थेनं त्याच्यासाठी चाकांचं लोखंडी टेबल करून घेतलं होतं.

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दोन विषय शिकवायचो. एक कॉम्प्युटरची ओळख, आणि दुसरा टेक्निकल रायटिंग, म्हणजे तांत्रिक माहिती अशी लिहायची की वाचणाऱ्यानं ती वाचून काम बरोबर करावं. पहिला विषय सगळ्यांना शिकवायचा होता. दुसरा कुणालाच नको होता, म्हणून तोही माझ्याकडे आला.

अडचण अशी की आमच्या कोर्सला विद्यापीठाची मान्यता अजून मिळायची होती. मुलांना प्रवेश 'मान्यतेच्या अपेक्षेने' दिलेले. विद्यापीठाची कमिटी येणार, चालू मशीन बघणार, मुलांना प्रश्न विचारणार आणि मग ठरवणार. मान्यता नाही मिळाली तर साऱ्या वर्गाचं वर्ष फुकट. आणि कमिटीनं तारीख दिली होती खंडेनवमीची दुपार. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचा दसरा बघायचा, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि परतायचं, असा त्यांचा सुटसुटीत बेत होता.

सकाळी पूजा, दुपारी कमिटी. मधे एकुलतं एक मशीन.

पूजा नको, असं दादासाहेबांना सांगायची माझी छाती नव्हती. प्रिन्सिपॉल म्हणाले, "तुम्हीच बघा काहीतरी. तुमचाच विषय आहे." हे वाक्य ते कुठल्याही विषयावर म्हणत. पण या वेळी ते चुकून खरं होतं. मी वर्गात गेलो आणि फळ्यावर लिहिलं, 'नवी असाइनमेंट: कॉम्प्युटरची पूजा कशी करावी.'

वर्ग खूश झाला. आतापर्यंत मी त्यांना व्होल्टेज स्टॅबिलायझर कसा लावावा यावर लिहायला लावत होतो.

पहिले कागद आले. बहुतेकांची सुरुवात 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' किंवा 'आजचे युग हे विज्ञानयुग आहे' अशी होती. एकानं मानव आणि यंत्र यांच्या नात्यावर पान भरलं होतं. बोर्डाच्या परीक्षेत निबंधाला मार्क मिळतात, त्याचा हा परिणाम. मी सगळे कागद परत केले.

"हे वाचणार कोण?" मी विचारलं.

"तुम्ही," वर्ग म्हणाला.

"मी नाही. गुरुजी वाचणार. त्यांना विज्ञानयुग नको. हळद कुठं लावायची ते हवंय."

दुसऱ्या फेरीत सुलभाचा कागद त्यातल्या त्यात बरा होता. सुलभा राजारामपुरीतली, वडील ऑफिसात हेडक्लार्क, अक्षर मोत्यासारखं. तिनं लिहिलं होतं, 'यंत्रावर पाणी पडू नये याची काळजी घ्यावी.' मी स्टॅबिलायझरचं रिकामं खोकं टेबलावर ठेवलं, म्हटलं हा कॉम्प्युटर आणि मी गुरुजी. तांब्या उचलला, चेहरा काळजीचा केला आणि खोक्यावर पाणी ओतलं.

"सर!" सुलभा ओरडली.

"काळजी घेतली की," मी म्हणालो.

मग त्यांच्या लक्षात आलं. 'हे करू नये' असं लिहून भागत नाही. हाताला दुसरं काम द्यावं लागतं. वाक्य बदललं: 'पळीतले पाणी समोरच्या ताम्हनात सोडावे.' अक्षतांचंही तेच, ताम्हनात. हळदकुंकू टेबलाच्या पुढच्या पट्टीवर. हार भिंतीवरच्या खिळ्याला. उदबत्ती व्हरांड्यात, कारण धुराचा कण फ्लॉपीवर बसला तर फ्लॉपी बिघडते. फ्लॉपी म्हणजे त्या काळी माहिती साठवायची पातळ चौकोनी तबकडी. नारळ बाहेरच्या पायरीवर.

"सर," धनाजी मागच्या बाकावरून म्हणाला, "गुरुजी मंतर म्हणताना डोळं मिटत्यात. कागद कसा वाचनार?"

धनाजी कागलकडचा, शेतकरी घरातला. वर्गात सगळ्यात कमी लिहायचा आणि सगळ्यात जास्त अडवायचा. असा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असावा, दोन मात्र नकोत. त्याच्या शंकेवर उपाय ठरला. सुलभानं एकेक पायरी मोठ्यानं वाचायची, गुरुजींनी ती करायची, मग पुढची.

खंडेनवमीला सकाळी दादासाहेब जीपनं आले. फेटा, कडक इस्त्री, मागून गुरुजी. पूजा अशी झाली की मी आजतागायत तशी पाहिलेली नाही. सुलभा वाचत होती, गुरुजी करत होते. पाण्याचा एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. नारळ पायरीवरच फुटला. दादासाहेबांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

"लई झ्याक!" ते म्हणाले. "आमच्या सोसायटीच्या मीटिंगा आशा चालल्या तर काय पायजे?"

गुरुजी पुढच्या पूजेला गेले. मला हायसं वाटलं. मुलांचं वर्ष वाचलं, असं मी मनात म्हणालो आणि मशीन सुरू करायला बटणाकडे हात नेला.

"ओ सर! काय कराय लागलाय?"

"मशीन सुरू करतोय, दादासाहेब. दुपारी कमिटी आहे."

"आज? पूजा झाल्यावर? पुजल्यालं हत्यार हाय ते. आज त्येला हात लावायचा न्हाय. उद्या दसरा झाला की लावा, रातभर चालवा."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी खुर्ची मागवली, कॉम्प्युटर रूमच्या दारात टाकली आणि तिच्यावर बसले. दादासाहेब एकदा बसले की उठवणारा माणूस जिल्ह्यात नव्हता.

मी व्हरांड्यात मुलांकडे वळलो. माझा आवाज चढला होता. "आज हात लावायचा नसतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की सर," धनाजी म्हणाला. "समद्यास्नी म्हाईत हाय. आमच्यात आज कोयत्याला बी हात लावत न्हाईत."

"मग लिहिलं का नाहीस?"

"समद्यास्नी म्हाईत हाय म्हनून."

मला राग आला. प्रिन्सिपॉल येऊन बघून गेले. "तुम्हीच बघा काहीतरी," म्हणाले. कमिटी सर्किट हाउसवर जेवायला बसल्याचा निरोप होता. धनाजीनं कारखान्यातली लागलेली नोकरी सोडून प्रवेश घेतला होता, हे मला माहीत होतं. तो आता मान खाली घालून चपलांच्या रांगेकडे बघत होता, आणि त्याच्याकडे बघून मला फार वाईट वाटलं.

सुलभा दारापाशी गेली.

"दादासाहेब, जीपची पूजा झाली?"

"पहाटंच."

"मग आज जीपला हात लावला नसेल ना?"

"हात न लावता कसा आलो मी? चालत?" दादासाहेब हसले. "ती गाडी हाय, पोरी. हत्यार येगळं, वाहन येगळं. हत्याराला इसावा द्यायचा. वाहन पुजायचं, लिंबावरनं न्ह्यायचं आनि फिरवायचं."

"मग कॉम्प्युटर कशात येतो?"

दादासाहेबांनी आत मशीनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "सांगा मास्तर. हे हाय तरी काय?"

मी पुस्तकातली व्याख्या दिली. "माहितीवर वेगानं आणि अचूक प्रक्रिया करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र."

"यंत्र म्हंजे हत्यारच की," दादासाहेब म्हणाले आणि खुर्चीत जास्तच घट्ट बसले. माझ्या व्याख्येनं पहिल्यांदाच कुणाचं तरी समाधान केलं होतं, आणि तेही उलट्या बाजूनं.

तेवढ्यात धनाजी गुडघ्यावर बसून दारातून आत डोकावला. "दादासाहेब, त्याला चाकं हायती की."

"कुठं?"

"ही बगा. चार."

दादासाहेब उठले. फेटा सावरत वाकले. टेबलाखाली बराच वेळ बघत राहिले. त्यांनाही कॉलेज चालवायचं होतं, हे मला त्या वेळी दिसलं. फक्त नियम मोडून नव्हे.

"हायती खरं," ते म्हणाले. "मग लिंबं आना."

लिंबं कँटीनमधून आली. चार चाकांपुढे चार. पण जीपचं चाक आणि टेबलाचं चाक यांत फरक असतो. टेबलाचं चाक लिंबाएवढंच. ढकललं की लिंबूच पुढे घरंगळायचं. मुलांनी लिंबं अर्धी कापली. मग दोघांनी मॉनिटरला मिठी मारली, एकानं कीबोर्ड छातीशी धरला, मी वायर उचलल्या आणि दादासाहेब म्हणाले, "व्हा म्होरं!"

चाकं चढली. लिंबं फुटली. टेबल एका बाजूला कललं, सावरलं आणि वीतभर पुढे जाऊन थांबलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"हे काय चाललंय?"

दारात कमिटी उभी होती. पुढे पुण्याहून तज्ज्ञ म्हणून बोलावलेले वयस्कर प्रोफेसर, चष्मा, हातात फाइल. मागे विद्यापीठाचे दोघं, आणि त्यांच्यामागे आमचे प्रिन्सिपॉल, भिंतीचा आधार घेऊन.

"या, पावणं," दादासाहेब म्हणाले. "बुटं तेवढी भाईर काढा."

प्रोफेसरांनी बूट काढले. मोज्यांनी लिंबाचा रस चुकवत आत आले. त्यांनी पूजेचा कागद उचलून पूर्ण वाचला. मग सुलभाकडे वळले, कारण तिच्याच हातात चौथ्या लिंबाचं उरलेलं अर्धुक होतं.

"कॉम्प्युटर म्हणजे काय?"

ही व्याख्या वर्गानं पाठ केली होती. सुलभा बोलणार, इतक्यात तिची नजर दादासाहेबांकडे गेली आणि ती अडखळली.

"सर," ती म्हणाली, "सकाळी ते हत्यार होतं. आता वाहन आहे. मला वाटतं, ते स्वतःहून काहीच नसतं. आपण जे लिहून देऊ, तेच ते बनतं."

प्रोफेसरांनी ते फाइलवर टिपून घेतलं. मग मला म्हणाले, "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही," मी म्हणालो. खरं तेच होतं.

मशीन सुरू झालं. धनाजीनं त्याचा प्रोग्रॅम चालवला, उसाच्या वजनाची बेरीज करणारा. उत्तर बरोबर आलं. दादासाहेबांनी ते बोटांवर मोजून तपासलं आणि मान डोलावली. प्रोफेसरांनी पूजेच्या कागदाची कार्बन कॉपी मागून घेतली आणि फाइलमध्ये ठेवली.

मान्यता आली. मुलांचं वर्ष वाचलं. कमिटीच्या रिपोर्टात आमच्याबद्दल दोनच ओळी होत्या: अध्यापन समाधानकारक. संगणक कक्षात फळांच्या रसाचे डाग, स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर बरीच वर्षं मी टेक्निकल रायटिंग शिकवलं. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो. ज्या वस्तूबद्दल लिहायचं ती वस्तू आहे काय, हे पहिल्या ओळीत ठरवून टाका, सगळ्यांना माहीत असलं तरी. तुम्ही ठरवलं नाही, तर दुसरं कुणीतरी दारात खुर्ची टाकून ठरवतं.