दुसरी घागर

कोसाडच्या आमच्या कॉलनीचा वॉचमन आधी फौजेत होता, लढाईवर जाऊन आलेला. आमच्या खानदेशातलाच. वॉचमननं येणाऱ्याचं नाव विचारावं, वहीत लिहावं. हा आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो. सेक्रेटरी ओरडतात, "ओ फौजी, इथं पाणपोई काढलीय का?"

"पिऊ द्या साहेब, नाव कुठं पळून चाललंय?"

मला तो जरा येडाच वाटायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतो. फौजीच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून त्याच्या आईची घागर मीच भरते. यंदा त्यानं दोन घागरी आणल्या.

"दुसरी कुणाची रे?"

"नाव माहीत नाही, अक्का."

"नावाशिवाय कशी पोचायची? कोण लागत होता तुझा?"

"कोणी नाही. समोरचा शिपाई. माझीच गोळी लागलेली. पाणी मागत होता. माझी बाटली भरलेली होती, पण दिलं नाही."

दुश्मनाची घागर आपल्या माणसांच्या शेजारी ठेवायची? आणि गोळी घातली ती बरोबर, तर पाण्याचं एवढं काय? मी चौथी शिकलेली, कुणाला विचारणार?

तो दारात ताठ उभा होता. भर म्हणेना, राहू दे म्हणेना.

मी भरली. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. वर खरबूज ठेवलं, हात जोडले, आणि नाव घ्यायच्या वेळी गप्प झाले. तेव्हा तो खाली बसला आणि घागरीला म्हणाला, "पी बाबा."