जांभळाची बाटली आणि पाचवं शील

बुवापाड्यातले भगवान सोनावणे कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर होते. मापातली चूक त्यांना खपत नसे, आणि वागण्यातलीही. चौसष्ट वर्षांत त्यांनी दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. दर रविवारी संध्याकाळी विहारात भगवानदादाच पंचशील सांगत आणि मुलंमाणसं त्यांच्यामागून म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांनी आणि मुलगी पायलने मिळून एक सहल आखली. पुण्याचे बारा पाहुणे येणार होते. सकाळी उल्हासनगरात दाल-पकवान, मग अंबरनाथचं जुनं शिवालय आणि त्यावरची शिल्पं, दुपारी शेजारच्या प्रीतीची चित्रं, आणि शेवटी बदलापूर गावात महेशच्या अंगणात तांदळाची भाकरी आणि जांभळाची वाइन. वाइनला भगवानदादांनी मोठ्या मुश्किलीने होकार दिला होता. कागदावर त्या ओळीपुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'या वेळी मी फाटकाबाहेर उभा राहीन.'

त्या रविवारी दुपारी सगळं पक्कं करायला महेश घरी आला. त्याच्या झाडांची जांभळं वाइनवाल्याकडे जात. चहा पिता पिता त्याने विचारलं, "दादा, ती बाटली कशी वाटली? पाहुण्यांना चालंल ना?"

"कुठली बाटली?"

"गेल्या आठवड्यात वहिनींकडं ठेवून गेलतो ना, ती. वाइनवाल्याचा नमुना. लेबल लावायचं राहिलंय अजून."

भगवानदादांनी कप बशीत ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

त्यांच्या बायकोने, गंगूबाईंनी, आतून बाटली आणली. तळाला दोन बोटं उरली होती. जांभळाचं आहे म्हटल्यावर त्यांनी ती सरळ नवऱ्याच्या शुगरच्या गोळ्यांशेजारी ठेवून दिली होती. इथे शुगरच्या माणसाला येणारा जाणारा जांभळाचंच काहीतरी देतो. आठ दिवस भगवानदादा रोज जेवणाआधी अर्धा कप घेत होते. तुरट लागतं, घशाला झोंबतं, म्हणजे औषध अस्सल आहे, असं त्यांनीच घरात सांगितलं होतं.

"तरीच," गंगूबाई हळूच म्हणाल्या, "रोज जेवताना शिवालयावरच्या एकेका मूर्तीची गोष्ट सांगत होता. चाळीस वर्षांत एवढं बोलला नव्हतात."

पायल तोंडावर ओढणी धरून आत पळाली. महेशला हसावं की माफी मागावी ते कळेना. भगवानदादा हातांचे तळवे उलटसुलट करून बघत राहिले, जणू तिथे काही उमटलं असेल.

"चंदूलाही दिली मी," ते म्हणाले. "औषधाच्या बाटलीत भरून. त्यालाही शुगर आहे."

चंदू म्हणजे विहारात इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसणारा मित्र.

"चुकून झालं, दादा. कोणाला कळतंय?" महेश म्हणाला.

"मला कळलंय ना."

संध्याकाळी विहारात ते उभे राहिले. सांगितलं सगळं, मापासकट. आठ दिवस, रोज अर्धा कप. "आज मी पंचशील सांगणार नाही," ते म्हणाले. "चंदू सांगेल."

चंदू मान खाली घालून बसला होता. "मी कुठल्या तोंडाने सांगू? तुझाच पेशंट मी."

भगवानदादांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "गंगू, तू नाही ना घेतलीस?"

"मला कुठं शुगर आहे?"

तेव्हा कुठे सभागृहात हसू फुटलं. बायकांनी ढकलत गंगूबाईंना पुढे पाठवलं. पदर सावरत त्यांनी एकेक शील सांगितलं. भगवानदादा पोरांच्या रांगेत मांडी घालून मागून म्हणत होते. पाचव्याला, मद्याच्या शीलाला, त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं. ते शील सगळ्यांत मोठ्याने दोघांनीच म्हटलं, भगवानदादांनी आणि चंदूने.

पुढच्या रविवारपासून गंगूबाईच सांगायला लागल्या. भगवानदादांनीच तसा हट्ट धरला.

सहल ठरल्याप्रमाणे झाली. पाहुणे अंगणात पेले घेऊन बसले, तेव्हा भगवानदादा फाटकाबाहेर उन्हात उभे होते. पायलने पाण्याची बाटली आणून दिली. त्यांनी झाकण उघडलं, आधी वास घेतला, आणि मगच प्यायले.