अक्काने कुंकू पुसलं नाही

अक्का गेल्याचा निरोप घेऊन तिचा दीर देवपूरला आला, तेव्हा मी शाळेला निघालो होतो. आता महिना उलटून गेला. अक्का माझी थोरली बहीण, अमळनेरजवळच्या एका खेड्यात दिलेली. आई लवकर गेल्यामुळे तिनेच मला वाढवलं, आणि मी मास्तर झाल्यावरही चारचौघांत माझा कान धरायला ती कचरत नसे.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी भाऊजी एका गुजराती व्यापाऱ्याच्या शब्दावर आफ्रिकेला गेले. सुरतेपलीकडच्या एका लहान बंदरात गलबतावर चढले, एवढंच कळलं. पुढे ना पत्र, ना निरोप. बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंदांनी रीतीप्रमाणे ठरवलं, की पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया उरकायची आणि अक्काने कुंकू पुसायचं. अक्का म्हणाली, आधी मला ते बंदर दाखवा. कोणी तयार होईना, म्हणून मीच तिला घेऊन गाडीत बसलो.

बंदर कसलं... खाडी गाळाने भरलेली, वखारींना कुलपं, गलबतं येणं केव्हाच बंद झालेलं. एके काळी जिथे कप्तान उतरत, त्या बंगल्यात शिरीनबाई नावाची म्हातारी पारशीण खोल्या भाड्याने देई. सकाळचा चहा-नाश्ता त्यातच. आम्ही तिथे उतरलो. ओहोटीची वेळ होती, नजर जाईल तिथवर नुसता चिखल. अक्का धक्क्यावर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आठे तं पानीच नही शे, नाना. तो उना तरी उतरी कोठे?" तो आला तरी उतरेल कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मनातून मी भाऊजींना केव्हाच पोचवलं होतं.

शिरीनबाईंच्या टेबलावरच्या कशालाही अक्का शिवली नाही. दुधात भिजवून केलेल्या दशम्या घरून आणल्या होत्या, त्याच खाई. बोलणं मात्र दोघींचं छान जुळलं. एकीची अहिराणी, दुसरीची गुजराती, आणि मधल्या मास्तराला कोणी विचारीना. निघायच्या दिवशी सकाळी अक्काने त्यांना कुंकवाचं सगळं सांगितलं. शिरीनबाईंनी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. मग म्हणाल्या ते आपल्या मराठीत असं, "माझ्या नवऱ्याचं प्रेत याच धक्क्यावर आणलं. मी तोंड पाहिलं, म्हणून मी विधवा. तू काय पाहिलंस?"

अक्काने समोरचा चहाचा कप उचलला आणि पिऊन टाकला. परक्या हातचं काही घेताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

गावी येऊन तिने भाऊबंदांना एवढंच सांगितलं, "मी तेनं तोंड देखं नही. मंग कुंकू कसाले पुसू?"

याचे चटके तिने जन्मभर सोसले. सवाष्णी तिला हळदीकुंकवाला बोलावीनात आणि विधवा तिला आपल्यात धरीनात. संक्रांतीला शेजारणी नटूनथटून तिच्या दारावरून पुढे जात, आणि ही आत जात्यावर दळत बसे.

तिला न्यायची वेळ आली तेव्हा बायका करंडा हातात घेऊन खोळंबल्या. सवाष्ण म्हणून मळवट भरायचा की नाही? भटजींनी सगळ्यांदेखत मला विचारलं. मी म्हटलं, "भाऊजींचं तोंड कोणी पाहिलंय का?" मग तिची जाऊच पुढे झाली, तिने मळवट भरला आणि बाकीच्या बायकांनी ओटी भरली.

भाऊजींची वाट पाहणारं आता कोणी उरलं नाही. दहाव्याला बोरी नदीच्या काठी अक्काच्या पुतण्याने तिचा पिंड ठेवला. शेजारी आणखी एक ठेव, असं मी त्याला सांगितलं.