थंडीत जमीन खणता येते का

अव्वा न्हाणीत घसरून पडली, तिचं मनगट मोडलं, आणि मामांनी ठरवलं की आता तिला कायमचं आपल्याकडे न्यायचं.

अव्वा म्हणजे माझी आजी, आईची आई. मूळची सास्तूर गावची. आमच्यात कानडीच्या वळणानं आईलाही अव्वा म्हणतात आणि आजीलाही, म्हणून मामाही तिला तेच म्हणतात. माझी आई गेली तेव्हा मी सातवीत होते. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं आणि ते लातूरला गेले. माझी शाळा धाराशिवला होती, इंग्रजी माध्यमाची, ती सोडायची नाही असं आईनं सांगून ठेवलं होतं. तेव्हा अव्वानं सास्तूरच्या घराला कुलूप लावलं, शेत बटईनं दिलं आणि ती इथं दोन खोल्यांत माझ्याजवळ येऊन राहिली. आता त्याच शाळेत मी लहान वर्गांना शिकवते. अव्वा अजून इथंच आहे.

मामा उत्तर युरोपातल्या एका थंड देशात राहतात. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं नोकरी करणाऱ्याला आपल्या म्हाताऱ्या आईला किंवा वडिलांना राहायला नेता येतं, त्यासाठी परवाना काढावा लागतो. मामांनी धाराशिवला एक एजंट शोधला. बस स्टँडजवळच्या गाळ्यात तो पासपोर्ट, विमा, गाड्यांचे कागद असलं सगळंच करायचा. त्यानं अव्वाचं रेशनकार्ड मागितलं. ते सास्तूरचं, आणि त्यावर तिचं एकटीचंच नाव. माझं नाव वडिलांच्या लातूरच्या कार्डावर आहे.

"एकटी बाई. एकदम पक्की केस," तो खूश होऊन म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "आपण कोण?"

"नात."

"मुलाची?"

"मुलीची."

"मग तुमचा यात काही संबंध न्हाय," तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही. पंखा माझ्याकडे वळवून त्यानं चहासुद्धा सांगितला.

घरी आल्यावर मी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरचे नियम वाचायला घेतले. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. तिथं सरळ लिहिलं होतं की अर्जदाराला त्याच्या स्वतःच्या देशात मूल किंवा नातवंड नसावं. मुलाचं की मुलीचं, कुठल्या घरचं, कुठल्या कार्डावरचं, असं काहीच नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. एका बाजूला आमचा एजंट, ज्याच्या हिशेबात मी नव्हते. दुसऱ्या बाजूला कुठलासा परका देश, ज्यानं मला न बघता अव्वाच्या घरात धरलं होतं. आणि त्यानं धरलं म्हणूनच अव्वाला जाता येणार नव्हतं. मला कुणाचा राग यायला हवा होता तेच कळेना.

मी मामांना फोन करून सांगितलं.

"तू लेकीची लेक," ते म्हणाले. "उद्या लग्न करून जाशील. मग अव्वाला कोण बघणार?"

"पण आत्ता तर मी आहे ना, मामा."

"आत्ताचं न्हाय गं विचारत मी."

ते चुकीचं बोलत नव्हते. अव्वा पडली तेव्हा मी शाळेतच होते, शेजारच्या काकूंनी तिला उचललं होतं. मी विचारलं, "मग त्या प्रश्नापुढे काय लिहायचं?"

"ते मी बघतो," मामा म्हणाले, आणि अर्ज त्यांनी तिकडूनच भरला.

अव्वाला जायचं होतं की नव्हतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तिनं नाही म्हटलं नाही. मामांनी पाठवलेले लोकरीचे मोजे ती सवय व्हावी म्हणून घरात घालून फिरायची, आणि धाराशिवच्या उन्हात तिचे पाय भाजून निघायचे. शेजारच्या काकू दारातून चिडवायच्या.

"काय वं पावनीबाई, बर्फात भाकरी थापनार व्हय?"

"थापीन की. तुला बी धाडीन एक. गार खावं लागंल मात्र."

"आन् मड्डम लोकांशी बोलनार कसं?"

"तुझ्याशी बोलतेच की इतकी वर्सं. तुला तरी काय कळतंय?"

एकदा संध्याकाळी मी वह्या तपासत होते. ती अचानक म्हणाली, "तिकडं थंडीत जमीन खांदाय येती का गं?"

"अव्वा, तुला काय शेती करायचीय तिकडे?" मी हसून म्हटलं.

मग मोजे काढून तिनं उशाशी ठेवले.

पुढे परवाना देणाऱ्या कचेरीनं अव्वाची मुलाखत ठरवली, व्हिडिओ कॉलवर. मामांनी मला दोनदा बजावलं की लॅपटॉप लावून दे, पण कॅमेऱ्यात येऊ नकोस. अव्वानं ठेवणीतलं इरकल नेसलं. तिला खुर्चीवर बसवून मी खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसले. पडद्यावर एक गोरी बाई आणि शेजारच्या चौकटीत मराठी बोलणारी दुभाषी. खाली बसल्यावर मला त्या दिसत नव्हत्या, फक्त ऐकू येत होत्या. मला दिसत होते ते अव्वाचे पाय. मोजे घातलेले.

"आजी, तुम्ही कोणाबरोबर राहता?" दुभाषीनं विचारलं.

"एकटीच."

"स्वयंपाक, औषधपाणी कोण बघतं?"

"मीच. कोन हाय दुसरं?"

ती हे इतकं सहज म्हणाली की मला क्षणभर खरंच वाटलं. तिच्या औषधांची पट्टी माझ्या हातात होती. मी ती वाजू नये म्हणून घट्ट धरून बसले.

सगळं नीट पार पडलं. मग त्या बाईनं काहीतरी म्हटलं आणि दुभाषीनं सांगितलं, "आजी, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

"व्हय, विचारायचंय," अव्वा म्हणाली. "तिकडं थंडीत जमीन खांदाय येती का? आमच्यात जाळत न्हाईत. बसवून पुरत्यात."

दुभाषीनं ते कसं सांगितलं कोण जाणे.

"आन् दुसरं असं," अव्वा थांबलीच नाही. "मी तिकडं गेले म्हणजे मेले, तर माझ्या मातीला माझी नात येनार. मूठभर माती तिच्या हातची पायजे मला. तर तिला तिकडं यायचा परवाना किती दिवसांत देता तुम्ही? मला लई दिवस ठेवून घ्यायचं न्हाय."

मी खाली बसल्या बसल्या तिचा पाय धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"तुमची नात कुठे असते, आजी?" दुभाषीनं हळूच विचारलं.

अव्वानं खाली माझ्याकडे बघितलं. "ही काय," ती म्हणाली.

संध्याकाळी मामांचा फोन आला. अव्वानं त्यांना झालेलं सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "विचारा म्हनली ती बाई. म्हनून विचारलं." मग त्यांनी फोन मला द्यायला लावला.

"तू शिकवलंस का तिला?"

"नाही, मामा."

ते खरं होतं. पण माझा आवाज खोटं बोलणाऱ्यासारखा निघाला. माझा आवाजच तसा आहे. मामा म्हणाले, ठीक आहे, आणि मग मला वाटतं ते रडत असावेत, कारण फोन चालू होता पण पलीकडून काही येत नव्हतं.

काही महिन्यांनी नकार आला. अर्जदाराची नात तिच्याबरोबर राहते, सबब परवाना देता येत नाही. मी ते अव्वाला मराठीत वाचून दाखवलं. मला त्या वेळी काय वाटलं ते अजून नीट उलगडलेलं नाही. सुटल्यासारखं झालं, आणि मामांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि ही पुन्हा पडली आणि मी शाळेत असले तर, असंही मनात आलं. तिन्ही एकदमच.

"अव्वा, तू मुद्दाम बोललीस का?" मी विचारलं.

ती मेथी निवडत होती. "जमिनीचं काय लिवलंय त्यात?"

"काही नाही लिहिलं."

"म्हंजे विचारलं त्याचं उत्तरच न्हाय."

मग मी मोबाइलवर शोधलं. तिकडं कडक थंडीत जमीन दगडासारखी होते, पण आधी वरून ऊब देऊन ती मऊ करतात आणि मग यंत्रानं खणतात. मी तिला तसं सांगितलं.

अव्वाचा हात थांबला.

"व्हय? मग आधी का न्हाय सांगितलंस?" ती म्हणाली. "गेले असते की."

ती चेष्टा करत होती की खरंच म्हणत होती हे बघायला मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खाली मान घालून मेथीच्या काड्या वेगळ्या करत होती. पायात मोजे होते.