अण्णांच्या टॅबमधले कप्पे

अण्णा, म्हणजे माझे वडील, मांडीवरच्या बंद टॅबवर वर्तमानपत्र पसरून वाचत होते. परवाच मी त्या टॅबमधल्या ई-पुस्तकांना शिस्त लावली होती. वैचारिक, चरित्रे, अध्यात्म असे भारदस्त कप्पे केले. रहस्यकथांना स्वतंत्र कप्पा द्यायची मला लाज वाटली, म्हणून त्या 'संकीर्ण'मध्ये ढकलल्या.

"अण्णा, पुस्तक नाही वाचत?"

"सापडलं की वाचतो."

"कुठलं?"

"ते रे, दिवाणजीच्या खुनाचं. अर्धं झालंय. टॅब उघडला की समोरच असायचं. आता समोर अध्यात्म येतं."

"मग मला सांगायचं ना!"

"तू एवढं हौसेनं लावलंस. म्हटलं, कशाला परत पसारा."

माझी ऐट तिथेच उतरली. आपण पुस्तकं लावतो असं आपल्याला वाटतं. खरं तर वाचणाऱ्यालाच कप्प्यात घालत असतो. वय झालं, म्हणजे अध्यात्म. त्यांना काय आवडतं, हे मी विचारलंही नव्हतं.

मी 'संकीर्ण'मधून ते पुस्तक शोधून पुन्हा अगदी समोर आणून ठेवलं. अण्णांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आता हे इथंच राहील ना?"